‘नोंद नाही’ याचा अर्थ

२०१२ साली रायपूर शहरातील रेशनच्या दुकानांत एक बदल झाला. तोवर प्रत्येक शिधापत्रिका एका ठरावीक दुकानाशी बांधलेली असे. दुकानदाराने ‘माल आला नाही’ म्हटले की त्या महिन्याचा तांदूळ तिथेच अडला. शेजारच्या गल्लीतील दुकानात पोती रचलेली दिसत असली, तरी ती दुसऱ्यांची. छत्तीसगढ शासनाने त्या वर्षी रायपुरात ‘कोअर पीडीएस’ ही व्यवस्था सुरू केली आणि पत्रिकाधारकाला शहरातील कोणत्याही सहभागी दुकानातून धान्य उचलण्याची मुभा दिली. लोकांपुढे ती ‘मेरी मर्जी’ या नावाने आली. नाव समर्पक होते. दुकानदाराची मर्जी संपून ग्राहकाची सुरू झाली, एवढाच त्याचा अर्थ.

या बदलाचे प्रशासकीय कौतुक पुष्कळ झाले आहे. येथे विचार करायचा आहे तो त्यामागच्या तर्काचा. कारण बारकाईने पाहिले, तर रायपुरात त्या वर्षी एका नियमातील एक अट गळली, आणि ती गळताच दुसऱ्या एका अटीचे ओझे शतपटीने वाढले. ही दुसरी अट नकाराची होती. संगणकाला ‘नाही’ हा शब्द कसा शिकवायचा, हा प्रश्न तर्कशास्त्र आणि डेटाबेस यांच्या सीमेवर गेली पन्नास वर्षे उभा आहे.

इतिहासाचा आरंभ दोन ठिकाणी होतो. १९७० साली आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत एडगर कॉड यांनी डेटाबेसचे संबंधात्मक प्रारूप मांडले. माहिती तक्त्यांत ठेवावी आणि तक्त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे एक सत्य विधान मानावे, हे त्याचे सार. दोनच वर्षांनी, १९७२ च्या सुमारास, फ्रान्समधील मार्से येथे आलँ कोल्मेरोएर आणि फिलिप रूसेल यांनी ‘प्रोलॉग’ ही संगणकभाषा घडवली. तिचा तात्त्विक पाया तेव्हा एडिंबरा येथे असलेल्या रॉबर्ट कोवाल्स्की यांच्या विचारांत होता. कोल्मेरोएर यांना वस्तुतः डेटाबेस नको होता. त्यांना संगणकाशी फ्रेंचमध्ये प्रश्नोत्तरे करायची होती. पण प्रश्नोत्तरे करायची तर उत्तरे कोठेतरी साठवलेली असावी लागतात. त्यामुळे ही भाषा पहिल्या दिवसापासूनच एक लहानसा डेटाबेस पोटात घेऊन जन्मली.

प्रोलॉगमध्ये लिहिणारा मनुष्य संगणकाला ‘आधी हे कर, मग ते कर’ असे सांगत नाही. तो दोनच गोष्टी लिहितो, तथ्ये आणि नियम. मग प्रश्न विचारतो. रेशनच्या विषयातच एक लहानसा नमुना उभा करून पाहू. समजा, एका कुटुंबाला ‘क१’ म्हटले. त्यातील माणसांची तथ्ये अशी:

सदस्य(क१, जनाबाई, स्त्री, ६२).
सदस्य(क१, रामजी, पुरुष, ४०).
सदस्य(क१, सुमन, स्त्री, ३५).
सदस्य(क१, पिंकी, स्त्री, ११).

प्रत्येक ओळ एक विधान आहे आणि पूर्णविराम म्हणजे ‘हे खरे’. कॉड यांच्या तक्त्यातील चार ओळी त्या याच. आता नियम. शिधापत्रिका कोणाच्या नावे काढायची? २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या १३ व्या कलमानुसार, पात्र कुटुंबातील १८ वर्षांहून कमी वय नसलेली सर्वांत ज्येष्ठ स्त्री ही पत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख. छत्तीसगढने हाच मान डिसेंबर २०१२ मध्ये संमत केलेल्या स्वतःच्या अन्न व पोषण सुरक्षा कायद्यात स्त्रीला आधीच दिला होता. तो नियम असा लिहिता येईल:

प्रमुख(_क, _ब) :- सदस्य(_क, _ब, स्त्री, _व), _व >= १८, \+ मोठी(_क, _व).
मोठी(_क, _व) :- सदस्य(_क, _, स्त्री, _व२), _व२ > _व.

‘:-’ या खुणेचा उच्चार ‘जर’ असा करावा, स्वल्पविरामाचा ‘आणि’ असा, आणि ‘\+’ चा ‘असे आढळत नाही’ असा. म्हणजे पहिली ओळ म्हणते: ‘ब’ ही ‘क’ कुटुंबाची प्रमुख, जर ती त्या कुटुंबातील स्त्री असेल, आणि तिचे वय किमान १८ असेल, आणि तिच्याहून मोठी स्त्री त्या कुटुंबात आढळत नसेल. दुसरी ओळ ‘मोठी’ म्हणजे काय ते सांगते. अधोरेखेने सुरू होणारी नावे म्हणजे चल, अर्थात ज्यांच्या जागी कोणीही येऊ शकते अशा रिकाम्या जागा. प्रोलॉगमध्ये चलाचे नाव रोमन मोठ्या अक्षराने किंवा अधोरेखेने सुरू करण्याची रीत आहे. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाहीच, म्हणून मराठीत लिहिणाऱ्याला दुसरा मार्ग घ्यावा लागतो. भाषा घडवणाऱ्यांच्या ते ध्यानीमनीही नसणार, पण या योगायोगामुळे मराठी प्रोलॉग लिहिता येते.

‘क१ ची प्रमुख कोण?’ असे विचारले की संगणक पहिल्या नियमातील अटी एकेक करून पडताळतो. जनाबाई सापडते, वय पुरते, तिच्याहून मोठी स्त्री शोधूनही मिळत नाही, म्हणून उत्तर ‘जनाबाई’. सुमनसाठी शोध घेतला तर जनाबाई आडवी येते. पिंकी वयात बसत नाही. ‘कसे शोधायचे’ हे कोणी लिहिले नाही. लिहिली ती फक्त व्याख्या.

या चार ओळींशी थोडा वेळ खेळले पाहिजे, कारण कायद्यातील साधे शब्द किती अवघड असतात ते तेव्हाच कळते. समजा घरात दोन जावा आहेत आणि दोघींचे वय ४५ असे नोंदवले आहे. आपल्याकडे हे दुर्मीळ नाही. ज्यांच्या जन्माची नोंद नसते त्यांचे वय अंदाजाने आणि बहुधा शून्य किंवा पाचवर संपणारे सांगितले जाते. लोकसंख्याशास्त्रज्ञ हा वयांचा गठ्ठा मोजण्यासाठी स्वतंत्र निर्देशांक वापरतात. वरच्या नियमानुसार दोघी जावा प्रमुख ठरतील, कारण दोघींहून मोठी कोणीच नाही. हे टाळावे म्हणून एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने ‘>’ च्या जागी ‘>=’ लिहिले, तर अनर्थ होईल. प्रत्येक स्त्रीचे वय तिच्या स्वतःच्या वयाइतके असतेच, त्यामुळे प्रत्येकीला ‘मोठी’ म्हणून तीच आडवी येईल आणि राज्यातील एकाही घरास स्त्री प्रमुख उरणार नाही. एका समान-चिन्हाचा हा प्रताप.

वय हे तथ्य म्हणून साठवणेही चुकीचेच. सर्वेक्षणाच्या दिवशी पिंकी अकराची होती, म्हणून डेटाबेसात ती जन्मभर अकराची राहील. साठवायची ती जन्मतारीख. वय नियमाने काढायचे. ‘जे काढता येते ते साठवू नये’ हा धडा तर्काधारित डेटाबेसने सरकारी फॉर्मला द्यावा इतका मोलाचा आहे. कलम १३ च्या पुढच्याच उपकलमात तर त्याची गरज उघड दिसते. घरात सज्ञान स्त्री नसून अल्पवयीन मुलगी असेल, तर ज्येष्ठ पुरुष प्रमुख होतो. ती मुलगी १८ वर्षांची झाली की त्याच्या जागी ती प्रमुख होते. नियमांच्या भाषेत यासाठी कोणतीही ‘बदलाची प्रक्रिया’ लिहावी लागत नाही. पुरुषाच्या नियमात ‘\+ सज्ञान_स्त्री’ ही एक अट असते. मुलीच्या अठराव्या वाढदिवशी ती अट मोडते आणि पुरुषाविषयीचा निष्कर्ष आपोआप मागे पडतो.

येथे गणिताच्या विद्यार्थ्याने थबकावे. युक्लिडच्या भूमितीत नवे गृहीतक मिळाल्याने जुने प्रमेय खोटे ठरत नाही. सिद्धतांचा साठा वाढतच जातो. नियमांत ‘आढळत नाही’ हा शब्द शिरला की तसे राहत नाही. एक तथ्य वाढले की एक निष्कर्ष नाहीसा होऊ शकतो. जनाबाईचे नाव नोंदवायचे राहून गेले असते, तर सुमन प्रमुख ठरली असती. पुढे जनाबाईची नोंद झाली की ती हटली असती. ‘सर्वांत ज्येष्ठ’ या निरुपद्रवी शब्दाच्या पोटात एक नकार दडलेला आहे. आणि तो नकार यादी पूर्ण असण्यावर विसंबून आहे.

हा नकार नेमका कशावर उभा राहतो, हे १९७७ मध्ये फ्रान्समधील तुलूज येथे भरलेल्या एका कार्यशाळेत प्रथम नीट मांडले गेले. एर्व्हे गालेर, जॅक मिंकर आणि जाँ-मारी निकोला यांनी ती घडवून आणली. तिथल्या निबंधांचे ‘लॉजिक अँड डेटाबेसेस’ हे पुस्तक १९७८ मध्ये निघाले आणि या विषयाचा तो जन्मदाखला ठरला. त्याच पुस्तकात दोन निबंध शेजारी नांदतात. कीथ क्लार्क यांनी ‘अपयश म्हणजे नकार’ हे तत्त्व तपासले: एखादे विधान सिद्ध करण्याचे सर्व प्रयत्न संपले आणि ते सिद्ध झाले नाही, तर ते खोटे मानावे. रेमंड रायटर यांनी त्यामागील गृहीताला नाव दिले, ‘बंद जग’. जे सत्य आहे ते सर्व डेटाबेसात आहे. म्हणून जे त्यात नाही ते असत्य.

रेल्वेचे वेळापत्रक हे बंद जगाचे उत्तम उदाहरण. रायपूरहून पहाटे तीन वाजता नागपूरकडे जाणारी गाडी वेळापत्रकात नसेल, तर ती नाहीच. ‘नसलेल्या’ सर्व गाड्यांची यादी कोणी छापत नाही, आणि छापायची म्हटली तर ती अनंत होईल. पण गावातील आजाऱ्यांच्या नोंदवहीत एखाद्याचे नाव नाही म्हणून तो निरोगी आहे, असे कोणी म्हणू नये. वेळापत्रक रेल्वेच बनवते, म्हणून ते पूर्ण असते. आजार नोंदवहीला विचारून होत नाही.

भारतीय वाचकाला हा वाद अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ‘भूतलावर घट नाही’ हे ज्ञान कसे होते, यावर आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके काथ्याकूट केला आहे. कुमारिल भट्टांची मीमांसापरंपरा आणि अद्वैत वेदान्त यांनी ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी व प्राभाकरांनी ते नाकारले. परंतु प्रमाण मानणाऱ्यांनीही त्याला एक कुंपण घातले: अनुपलब्धि ‘योग्य’ असावी लागते. घट तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच ‘दिसत नाही’ वरून ‘नाही’ म्हणता येते. भर उजेडात घट दिसला नाही, तर तो नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. यावरून प्रोलॉगचा शोध मीमांसकांनी लावला असे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. त्यांच्यापुढे संगणक नव्हता आणि क्लार्क यांच्यापुढे श्लोकवार्तिक नव्हते. पण रायटर यांच्या ‘बंद जगा’वर ठेवावयाची अट इतक्या नेमक्या शब्दांत दुसरीकडे सापडणे कठीण आहे. डेटाबेसापुढे प्रश्न एवढाच: खोलीत दिवा आहे काय?

कायद्याला नियमांत उतरवण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग लंडनच्या इंपीरियल कॉलेजात झाला. मारेक सर्गो, कोवाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ चा ब्रिटिश नागरिकत्व कायदा प्रोलॉगमध्ये लिहिला. त्याचे वर्णन १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक कलमे सहज उतरली. अमुक तारखेनंतर ब्रिटनमध्ये जन्म, आणि माता किंवा पिता नागरिक अथवा तिथे स्थायिक, तर अपत्य नागरिक. अडचण आली ती टाकून दिलेल्या अर्भकाच्या कलमापाशी. ब्रिटनमध्ये एखादे नवजात बालक बेवारस सापडले, तर ‘विपरीत सिद्ध होत नाही तोवर’ त्याचा जन्म तिथेच झाला आणि त्याचे माता वा पिता योग्य दर्जाचे होते, असे मानावे, असे ते कलम सांगते. म्हणजे काहीही ठाऊक नसणे हे येथे बालकाच्या बाजूने मोजले जाते. उद्या विरुद्ध पुरावा मिळाला तर निष्कर्ष बदलेल, पण तोवर रिकाम्या नोंदीचा लाभ त्या अनाथ जीवाला.

ही जागा फार महत्त्वाची आहे. ‘\+’ ही खूण स्वतः निःपक्षपाती आहे. पुराव्याचा अभाव कोणाच्या पदरात टाकायचा, हे नियम लिहिणारा ठरवतो. ‘परदेशात जन्मल्याचे आढळत नाही, म्हणून नागरिक’ असेही लिहिता येते आणि ‘येथे जन्मल्याचे आढळत नाही, म्हणून नागरिक नाही’ असेही. दोन्ही नियम प्रोलॉगला सारखेच गोड.

मधल्या काळाचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. जपानने १९८२ मध्ये ‘पाचव्या पिढीचा संगणक’ हा तर्काधारित प्रोग्रामिंगवर बेतलेला महाप्रकल्प हाती घेतला आणि जगभर धावपळ उडाली. दहा वर्षांनी तो अपेक्षेच्या मानाने फिकाच ठरला. भारतात इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ज्ञानाधिष्ठित संगणकप्रणालींचा कार्यक्रम चालवला. मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, हे त्याचे एक ठाणे होते. एस. रमाणी यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेत ‘विद्वान’ नावाचे एक साधन तयार झाले. त्यात तज्ज्ञाने आपले ज्ञान ‘जर-तर’ नियमांत भरावे आणि संगणकाने उलट्या क्रमाने शोध घेत सल्ला द्यावा, अशी योजना होती. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली.

दुसरा धागा पवईला पोचतो. संबंधात्मक भाषेत एक उणीव होती. ‘पालक’ माहीत असताना ‘पूर्वज’ कोण, हा प्रश्न तिला विचारता येत नसे, कारण पूर्वज म्हणजे पालक, किंवा पालकाचा पूर्वज. व्याख्या स्वतःलाच हाक मारते. आपल्याकडे घराघरांत जपलेले कुलवृत्तान्त चाळणाऱ्यास याचे आश्चर्य वाटेल, कारण तिथला पहिला प्रश्नच हा असतो. मूळ संबंधात्मक बीजगणितात ही साखळी मांडता येत नाही, हे अल्फ्रेड एहो आणि जेफ्री उलमन यांनी १९७९ मध्ये दाखवले. प्रोलॉगचा एक आटोपशीर भाऊ, डेटालॉग, हे काम दोन ओळींत करतो. पण मोठ्या साठ्यावर तो हळू चालू नये यासाठी युक्त्या लागतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात रघू रामकृष्णन, दिवेश श्रीवास्तव, एस. सुदर्शन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘कोरल’ ही प्रणाली याच कामासाठी बांधली. सुदर्शन नंतर आयआयटी मुंबईत आले. ज्या पाठ्यपुस्तकावर भारतातील असंख्य विद्यार्थी डेटाबेस शिकतात, त्याच्या तीन लेखकांपैकी ते एक. स्वतःला हाक मारणारी व्याख्या १९९९ च्या मानकात एसक्यूएलमध्येही आली. तर्कवाद्यांचा विजय झाला, पण त्यांच्या नावाचा फलक कोठे लागला नाही.

आता पुन्हा रायपूर. येथील प्रणाली प्रोलॉगमध्ये लिहिलेली नव्हती. अशा सर्व सरकारी प्रणालींप्रमाणे तिचा पाया तक्त्यांचा होता आणि काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे एनआयसीचे. परंतु तिचे नियम वरील भाषेत वाचले की तिची रचना लख्ख दिसते. पार्श्वभूमी अशी: राज्याने २००४ मध्ये रेशन दुकाने खासगी व्यापाऱ्यांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि महिला बचतगटांकडे सोपवली. २००७ नंतर धानखरेदीपासून दुकानाला होणाऱ्या वाटपापर्यंतची साखळी संगणकावर आली आणि शिधापत्रिकांचा एकत्रित डेटाबेस उभा राहिला. त्यानंतरही दुकानावरचा नियम जुनाच होता:

द्यावे(_प, _द, _म) :- जोडलेली(_प, _द), \+ उचल(_प, _म).

पत्रिका ‘प’ ला दुकान ‘द’ ने महिना ‘म’ चे धान्य द्यावे, जर ती पत्रिका त्या दुकानाशी जोडलेली असेल, आणि त्या महिन्याची उचल झाल्याचे आढळत नसेल. ‘मेरी मर्जी’ने पहिली अट पुसली. कागदावर नियम सोपा झाला. पण दुसऱ्या अटीकडे पाहावे. पत्रिका एकाच दुकानाशी बांधलेली असताना ‘उचल झालेली नाही’ हे ठरवायला त्या दुकानाची एक वही पुरे होती. कारण उचल झाली असती तर ती तिथेच झाली असती, आणि त्या वहीतच दिसली असती. दर्शनकारांची ‘योग्य’ अनुपलब्धि हीच. दुकान एक लहानसे बंद जग होते. ग्राहक कोणत्याही दुकानात जाऊ लागताच त्या वहीतील ‘नाही’ निरर्थक झाले. सकाळी दुसऱ्या दुकानातून तांदूळ उचललेला असू शकतो. आता बंद जग म्हणजे अख्खे शहर, आणि त्याच्या कडा राखायच्या तर प्रत्येक उचल त्याच क्षणी एका मध्यवर्ती ठिकाणी पोचायला हवी. ‘केंद्रीकृत, ऑनलाइन, तात्काळ’ ही विशेषणे ‘कोअर’ या नावात आहेत ती याचसाठी. दुकानात यंत्र आले, स्मार्टकार्ड आले, मोबाइलचे जाळे वापरात आले. या साऱ्या खटाटोपाची तार्किक किंमत एका ‘\+’ चिन्हाएवढी आहे.

ही योजना चांगली होती, यात शंका नाही. दुकानदाराला आता गिऱ्हाईक टिकवण्याची गरज वाटू लागली. पण जाळे तुटले की काय? तेव्हा ‘उचल आढळत नाही’ हे उत्तर खोटे असते, कारण शोधच झालेला नसतो. येथे खरे उत्तर ‘ठाऊक नाही’ हे असते, आणि क्लार्क यांच्या नकारात त्याला जागा नाही. कॉड यांनी तक्त्यांत रिकाम्या मूल्याची सोय करून ‘खरे’ व ‘खोटे’ यांच्या जोडीला तिसरे सत्यमूल्य आणले होते. संगणकशास्त्रात त्यावर अजून भांडणे चालतात. रेशनच्या रांगेत मात्र तिसरे मूल्य नसते. ‘ठाऊक नाही’ याचे रूपांतर दुकानदाराला कोणत्यातरी क्षणी ‘देतो’ किंवा ‘उद्या या’ यांत करावेच लागते. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्याला ‘उद्या या’ म्हणजे एका दिवसाची मजुरी. हे रूपांतर कोणत्या बाजूला करायचे, याचा निर्णय आधीच नियमात लिहून ठेवला नाही, तर तो यंत्र घेते.

त्याहून मोठे बंद जग म्हणजे पात्रांची यादी. छत्तीसगढच्या २०१२ च्या कायद्याने अंत्योदय व प्राधान्य कुटुंबांना महिन्याला ३५ किलो धान्य अनुक्रमे एक आणि दोन रुपये किलोने देऊ केले. त्याची बांधणी लक्षणीय होती. गरीब कोण, हे सिद्ध करण्याइतकाच भर कोणाला वगळायचे यावर होता. वगळायच्या लोकांत आयकर भरणारे होते आणि ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक जमीन असलेले होते. ‘वगळण्याचे कारण आढळत नाही, म्हणून आत’ असा हा नियम ब्रिटनमधील त्या बेवारस बालकाच्या कलमाच्या जातीचा. रिकामी नोंद माणसाच्या बाजूने पडते. राष्ट्रीय कायद्यात राज्याराज्यांच्या संख्येला कमाल मर्यादा आहे. देशभर ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत. लोकसंख्या मोजायची ती ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत तिच्यावरून, आणि २०११ नंतरची जनगणना लांबत गेली. २०११ नंतर वाढलेल्या माणसांना या हिशेबात ‘सदस्य’ची ओळच नाही. खोलीतील दिवा जुना, आणि घट मात्र रोज नवे.

पुढे दुकानाच्या बंधनातून मुक्ती देशभर झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये आंध्र प्रदेश-तेलंगण आणि गुजरात-महाराष्ट्र या जोड्यांपासून ‘एक देश, एक शिधापत्रिका’ सुरू झाली. ज्या छत्तीसगढने शहराच्या पातळीवर ही कल्पना सात वर्षे आधी राबवली होती, ते राज्य या योजनेत फेब्रुवारी २०२२ मध्ये, जवळजवळ शेवटी आले. आता बंद जग म्हणजे अख्खा देश. रायपूरजवळच्या गावातून पुण्याच्या बांधकामावर आलेल्या मजुराची उचल पुण्यात झाली की नाही, हे दोन्हीकडे एकाच वेळी कळले पाहिजे.

पण ज्याच्याकडे पत्रिकाच नाही त्याला तिची वहनीयता काय कामाची? स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा असंघटित कामगारांची ‘ई-श्रम’ ही दुसरी यादी हाताशी होती. त्यातील सुमारे २८.६ कोटी नोंदींपैकी सुमारे २०.६ कोटी माणसे शिधापत्रिकांच्या डेटाबेसात सापडली. उरलेले सुमारे ८ कोटी तिथे आढळले नाहीत. न्यायालयासमोर मांडलेला हा हिशेब एका ओळीत लिहिता येतो:

राहिलेला(_म) :- ई_श्रम(_म), \+ शिधापत्रिका(_म).

खूण तीच, जिच्यामुळे इतकी वर्षे ‘नाव नाही, म्हणून धान्य नाही’ असे उत्तर मिळत होते. येथे तिने नाव नसलेल्यांनाच शोधून काढले. २० एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने या माणसांना तीन महिन्यांत शिधापत्रिका देण्याचा आदेश दिला. काम पुरे झाले नाही. मार्च २०२४ मध्ये त्याला पुन्हा दोन महिन्यांची मुदत द्यावी लागली, आणि संख्येची कमाल मर्यादा हे पत्रिका न देण्याचे कारण होऊ शकत नाही, असे राज्यांना बजावावे लागले.